लाईन गेली की बरा होणारा फ्रिज: १५ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला घेतलेला डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिज. पहिले १३ महिने तक्रारीला जागाच नव्हती. १४ व्या महिन्यात, म्हणजे वर्षाची वॉरंटी संपल्या-संपल्या, बिघडला. मशीन चालू, दिवा चालू, फ्रीजरमध्ये बर्फही जमतो, पण खालच्या कप्प्यात थंडी नाही. आमच्या गावात याच लक्षणावर दोन घरांनी गॅस भरून घेतला आणि दोघांचाही फ्रिज महिन्याभरात पुन्हा तसाच झाला. म्हणून इतकं लांब लिहून राहिले.

आमच्याकडे हा फ्रिज हौसेचा नाही. सासूबाईंना दोन वेळा इन्सुलिन लागतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. पुलगावहून दर आठवड्याला आणणं होत नाही, म्हणून दोन महिन्यांच्या एकदम आणतो. स्वयंपाकघरावर टिनं आहेत, मे महिन्यात दुपारी तिथे हात लावाल ते भांडं तापलेलं असतं. दही आंबलं तर कढी करता येते. इन्सुलिन खराब झालं तर ते दिसतही नाही, साखर वाढल्यावरच कळतं.

पहिली शंका सांबारावरून, म्हणजे कोथिंबिरीवरून आली. कागदात गुंडाळून ठेवलेला सांबार आठ दिवस हिरवा राहायचा, तो तिसऱ्या दिवशी काळा पडला. मग मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला, रात्रभर दार उघडलं नाही आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवला. तापाचा थर्मामीटर याला चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवत नाही. मुलाच्या शाळेतल्या प्रयोगाचा काचेचा होता, तो वापरला. आकडा आला १४.

तक्रार नोंदवली. माणूस यायच्या आधीच वादळ आलं, डीपीवर झाड पडलं आणि २१ तास लाईन नव्हती. इन्सुलिन मी मातीच्या मडक्यात घालून, मडकं ओल्या वाळूत, लिंबाच्या सावलीत ठेवलं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ही सोय चांगली चालते, वाळू ओली ठेवायची तेवढी. दुसऱ्या दिवशी लाईन आली आणि संध्याकाळी पेला पाहिला तर ६. सकाळी ५! व्होल्टेजचा घोळ असेल म्हणून मीच तक्रार मागे घेतली. आठ दिवस छान गेले. मग ९, मग १२, मग परत १४.

पुन्हा तक्रार. सहाव्या दिवशी वर्ध्याहून सर्व्हिसवाला आला. मागे कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला, फ्रीजरमध्ये हात घातला आणि म्हणाला, "ताई, गॅस कमी झाला. ३,४०० लागतील." १० वर्षांची वॉरंटी दाखवली तर म्हणे ती फक्त कॉम्प्रेसरची, गॅसची नाही. कार्डावर खरंच तसं आहे, तुमचंही काढून वाचा. मी विचारलं, "भाऊ, गॅस गेला होता तर लाईन गेल्यावर तो परत कुठून आला? आठ दिवस ५ अंश कसे राहिले?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फ्रीजरच्या आतली मागची पाटी त्याने उघडलीच नाही. दोन स्क्रू आहेत तिला. दोन! ४५० रुपये भेटीचे घेतले आणि दोन स्क्रू काढायची तसदी घेतली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पैसे भरायला मी नाही म्हटलं. मामाजीही, म्हणजे सासरेही, म्हणाले, कारण समजल्याशिवाय रुपया द्यायचा नाही.

मग वादळाने जे केलं तेच मी मुद्दाम केलं. फ्रिज रिकामा केला, बटण बंद, दोन्ही दारं २४ तास उघडी. फरशीवर दोन जुनी लुगडी अंथरली होती, ती पिळून पिळून काढावी लागली. इतकं पाणी कुठून आलं? फ्रीजरमध्ये तर बर्फाचा थर दिसत नव्हता. चालू केल्यावर परत ५ अंश, आणि सात दिवसांनी परत चढ सुरू.

आता मला जे समजलं ते सांगते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार करणारी जाळी बहुतेक एकच असते, त्या पाटीच्या मागे. एक पंखा त्या जाळीवरची थंड हवा फ्रीजरमध्ये फेकतो आणि उरलेली नळीवाटे खाली सोडतो. जाळीवर दव गोठत राहतं, म्हणून काही तासांनी खालचा हीटर आपोआप थोडा वेळ लागतो, बर्फ वितळतो आणि पाणी मागच्या भोकातून कॉम्प्रेसरवरच्या तबकात जाऊन वाळतं. हीटर लागलाच नाही तर जाळीचा दगड होतो आणि हवेची वाट बंद. फ्रीजर जाळीला चिकटून असल्याने तिथे बर्फ होत राहतो, खालचा कप्पा उपाशी. लाईन गेली की तो दगड वितळतो आणि आठवडाभर फ्रिज बरा. गॅस कमी असता तर फ्रीजरही नीट गोठला नसता, आणि २४ तास बंद ठेवून काहीच सुधारलं नसतं.

पुलगावच्या बाजारातला मिस्त्री आला. त्याने आधी ते दोन स्क्रू काढले. आत पांढरी वीट! पेचकसाने बर्फ टोकरू दिला नाही, जाळीला भोक पडलं तर खरंच गॅस जातो, आणि आजकालच्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा असतो. कोमट पाणी ओतून वितळवलं. मीटर लावला तर हीटर शाबूत होता. त्याच्या आधी बायमेटल नावाची एक चपटी डबी असते, थंडीत तिने करंट पुढे जाऊ द्यायला हवा, ती बर्फात असूनही देत नव्हती. नवी डबी २५०, मजुरी ५००. पाण्याचं भोक मोकळं आहे ना तेही त्याने ओतून दाखवलं. एकूण ७५०.

जूनमध्ये मी या फ्रिजला एक तारा दिला होता. आज तीन करते, कारण सगळा दोष त्याचा नव्हता हे मान्य करायला पाहिजे. मिस्त्रीने विचारलं, "ताई, वरचं बटण फुल्ल काहून केलं?" उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी बर्फ लवकर व्हावा म्हणून. आमच्या मॉडेलमध्ये ते बटण थंडी वाढवत नाही, हवा वाटतं. फ्रीजरकडे पूर्ण वळवलं की खाली कमी येते. आधीच अर्धी बंद झालेली वाट मी स्वतः आणखी अरुंद केली होती. आता ते मध्यावर आहे, आणि घरात त्याला कोणी हात लावत नाही.

बाकीचं थोडक्यात. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून पाहिली, घट्ट आहे. भिंतीपासून वीतभर पुढे सरकवला. आतल्या लेबलवर हवामानाचा वर्ग 'टी' लिहिला आहे, म्हणजे खोलीत ४३ अंशांपर्यंतचा हिशेब. आमच्या टिनाखाली मे महिन्यात त्याच्या वर जातं, म्हणून फ्रिज उचलून माजघरात, कवेलूखाली आणला. हे घेतानाच दुकानदाराने विचारायला हवं होतं, ठेवणार कुठे म्हणून.

उरलेले दोन तारे त्या ४५० रुपयांचे. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. आले तर इथेच लिहीन.

मध्यंतरी पावसात पुन्हा रात्रभर लाईन गेली. जायच्या आधी पेल्यात ५ होतं. लाईन आल्यावर, पुन्हा गार झाल्यावर पाहिलं, ५ च. आठवड्याने पाहिलं, तेव्हाही ५.