सातवीसाठी इंग्रजी: सरावपुस्तिका की रोजची वही?

धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, सेमी-इंग्रजीतल्या लेकीला व्याकरणाची सरावपुस्तिका आणू, की रोज पाच ओळी लिहून घेऊ?" मी दोन्ही करून घेतलंय, म्हणून सांगते.

खर्चाचा फरक किरकोळ आहे. वही घरातच सापडते. खरा प्रश्न मोठ्यांच्या वेळेचा. बऱ्याच पुस्तिकांत उत्तरं मागे छापलेली असतात, मूल स्वतः तपासतं. वही मात्र रोज कुणीतरी दहा मिनिटं बसून वाचायला हवी.

व्याकरणात पुस्तिका एका बाबतीत सरस. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीतच, त्यामुळे 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी' हे उच्चारावरून ठरतं, हे ओळीने वीस उदाहरणं सोडवल्यावरच अंगवळणी पडतं. पण काळाची चूक तिथे लपते. रिकाम्या जागा बिनचूक भरणारी माझी लेक वहीत लिहायची, 'आय हॅड गॉन टू मार्केट यस्टरडे'. 'काल गेले होते'चं सरळ भाषांतर! 'वेंट' हवं, हे वहीमुळेच कळलं.

मोठ्या अक्षरांचंही तेच. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून नावाचं पहिलं अक्षर लहानच पडतं. स्वतःच्या वाक्यात रोज लाल खूण दिसली की सवय लागते. शब्दही वापरलेलेच लक्षात राहतात.

परीक्षा महिन्यावर असेल किंवा घरी तपासणारं कुणी नसेल, तर पुस्तिका घे. वर्ष हाताशी असेल आणि संध्याकाळी तू बसू शकत असशील, तर वहीच.