हिवतापाचा वाडी-आराखडा: कुठे कामाचा, कुठे नुसता कागद

आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायत मिळून वाडीचा हिवताप आराखडा करतात. सेवा फुकट आहे, म्हणून तिची पारख करू नये असं थोडंच आहे? २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार, हे देशाचं उद्दिष्ट. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापुरता हा अभिप्राय.

पाणी साठणाऱ्या जागांचा नकाशा हा यातला सर्वांत मोलाचा भाग, पण तो काढतो कोण? सभेत चार माणसांनी काढलेल्या नकाशात नळ, टाक्या, देऊळ येतं. पडीक चिरेखाण राहून जाते. पाऊस सरल्यावरही खाणीत निवळशंख पाणी साठून असतं आणि अॅनाफेलिसला, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाला, तसंच पाणी मानवतं. म्हणून चिरेखाणीवरचा कामगार, बागेचा राखणदार आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्यात औषध टाकणारा) सभेला हवेतच. मग डाव (पळी) आणि पांढरी थाळी घेऊन अळ्या शोधत फिरा. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असलेली अळी अॅनाफेलिसची. डोकं खाली करून लटकते ती दुसऱ्या डासाची. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस, त्यामुळे फेरी दर आठवड्याला. पंधरवड्याने गेलात तर मधली पिढी उडून गेलेली असते.

अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांना पाचपैकी तीनच गुण, आणि त्यात माशांचा दोष नाही. काठाच्या दर मीटरमागे ५ ते १० मासे पुरतात. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. विहिरीवर पोचल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, मग सोडायचे. घोळ होतो तो टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा. आज आरोग्यसेवक मासे सोडतो, उद्या जलसुरक्षक पावडर जास्त टाकतो, परवा मासे उलटे. दोघांची तारीख एकाच वहीत लिहिली की हे टळतं. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत. तिथे टेमिफॉस हे अळीनाशक, ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रावण), १० लिटर पाण्यात २.५ मिली; पिण्याच्या विहिरीत मात्र नको. पऱ्यात (ओढ्यात) गप्पी सोडू नयेत, बेडकांची पिल्लंही ते खातात.

धुराची गाडी आली की वाडी खूश होते. अळ्या पाण्यात तशाच असतात.

सगळ्यात कच्चा दुवा बंदरावर. रुग्ण सापडला की १ दिवसात नोंद, ३ दिवसांत चौकशी, ७ दिवसांत आसपासची कारवाई, असा नियम. ज्याला ताप आला तो खलाशी तोवर समुद्रात गेलेला असतो. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विन ३ दिवस, प्रायमाक्विन १४ दिवस. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, गोळ्या पेटीत राहतात आणि यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतात. (गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, जी-६-पीडी या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं.) आराखड्यात तांडेलाचं (होडीच्या म्होरक्याचं) नाव आणि फोन हवा, गोळ्यांचा पुडा त्याच्याकडे, रोज एक खूण, होडी बंदराला लागली की आशाताईंकडे रिकामं पाकीट. बऱ्याच आराखड्यांत हा रकानाच नसतो.