जीआरपीसी: काही महिने प्रॉडक्शनवर चालवल्यानंतर

तुमच्या टीममध्ये तीन-चार भाषा नांदत असतील, तर जीआरपीसी घ्याच. एका सर्व्हिसने दुसऱ्या सर्व्हिसचं फंक्शन नेटवर्कवरून बोलवायची ही पद्धत.

आमचं काम पार्सल पोचवण्याचं. अंधेरीच्या ऑफिसात बिलिंग जावामध्ये, रूट ठरवणारी सर्व्हिस पायथनमध्ये, ट्रॅकिंग गोमध्ये. भिवंडीच्या गोदामातली मुलं वापरतात ते अॅप कोटलिनमध्ये. आधी सगळं रेस्ट आणि जेसनवर, म्हणजे वेबच्या साध्या विनंत्या आणि मजकुराच्या रूपातला डेटा यांवर चालायचं. एका टीमने फील्डचं नाव बदललं की दुसरीची सर्व्हिस बंद, आणि डॉक्युमेंट कायम मागे पडलेलं.

आता सर्व्हिस, तिच्या मेथड्स, प्रत्येक फील्डचा टाइप, सगळं प्रोटो फाइलमध्ये. तिच्यावरून चारही भाषांचा क्लायंट कोड आपोआप तयार होतो. वाद व्हायचे ते त्या फाइलच्या रिव्ह्यूत, कोड लिहायच्या आधीच होतात. एचटीटीपी-२ आणि बायनरी मेसेजमुळे वेग मिळतो हे खरं, पण माझ्या लेखी हा फायदा वेगाहून कितीतरी मोठा.

फील्डच्या नंबरांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बायनरी मेसेजमध्ये फील्डचं नाव जात नाही, नंबर जातो. समजा ४ नंबरचं पिनकोड फील्ड काढलं आणि तोच ४ नंबर ग्रॅममधल्या वजनाला दिला. दोन्ही पूर्णांकच. अपडेट न झालेला गोदामातला फोन ४०००६९ पाठवेल आणि बिलिंग त्याला चारशे किलोंचं पार्सल समजेल; कुठेही एरर येणार नाही. काढलेला नंबर 'रिझर्व्ह्ड' म्हणून लिहून ठेवा, मग तो पुन्हा वापरताना कंपायलरच अडवतो. तसंच प्रोटो-३ मध्ये (प्रोटो फाइलच्या भाषेची तिसरी आवृत्ती) साध्या आकड्याच्या फील्डला शून्य आणि 'भरलंच नाही' यांत फरक कळत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीच्या रकमेला हे परवडत नाही, तिथे 'ऑप्शनल' लावा.

सगळ्यात जास्त दमवलं ते लोड बॅलन्सिंगने, म्हणजे सर्व्हरांमध्ये भार वाटण्याने. राखीपौर्णिमेच्या आठवड्यात कुबरनेटिसवर (सर्व्हिसेस चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) पॉड, म्हणजे सर्व्हिसच्या चालू प्रती, वाढवले, तरी नवे रिकामे आणि जुन्यांवर झुंबड. कारण कनेक्शन एकदा जुळलं की टिकून राहतं आणि सगळे कॉल त्याच पॉडवर जातात. हेडलेस सर्व्हिस (क्लायंटला प्रत्येक पॉडचा पत्ता मिळतो), क्लायंटला राउंड रॉबिन (पाळीपाळीने प्रत्येक पॉडला कॉल) आणि सर्व्हरवर कनेक्शनच्या वयाला मर्यादा, असं तिन्ही केल्यावर भार वाटला गेला. डेडलाइनही, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, प्रत्येक कॉलला स्वतः द्या. न दिल्यास क्लायंट कितीही वेळ ताटकळत बसू शकतो. आणि एका मेसेजची मर्यादा मुळात ४ एमबी असते, त्यामुळे डिलिव्हरीचे फोटो त्यातून न पाठवता आम्ही सरळ स्टोरेजवर चढवतो.

ब्राउझरमधून थेट जीआरपीसी चालत नाही. त्यासाठी जीआरपीसी-वेब (ब्राउझरसाठीचं त्याचं रूप) आणि सहसा मध्ये एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी, म्हणजे भाषांतर करणारा मधला सर्व्हर, लागतो. तेवढ्यासाठी एक नवी गोष्ट सांभाळायची आमची तयारी नाही, म्हणून ग्राहकांचं पोर्टल अजून रेस्टवरच आहे आणि राहील.