शून्य बरोबर दाखवणारा बनावट सेन्सर

ऑइल प्रेशरचा सेन्सर मेला तर निदान कळतं. आकडा गायब होतो, लाल दिवा लागतो, पोटात गोळा येतो, पण कळतं. मला विकलेला सेन्सर मेलेला नव्हता. ठणठणीत चालत होता आणि प्रत्येक आकडा दीडपट करून सांगत होता.

इथे अमेरिकेत स्वतःचं विमान स्वतः बांधणारी जी थोडी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं विमान आरव्ही-७, इंजिन लायकमिंग ओ-३६०. हिवाळ्यात एकदा उडताना ऑइल प्रेशर ८० पीएसआय (दाबाचं एकक) वरून एकदम शून्यावर आणि लगेच परत ८० वर. खरा दाब अशा उड्या मारत नाही. कनेक्टर आणि ग्राउंड तपासले, दोन्ही ठीक होते. सेन्सरच गेला होता. फ्युएल प्रेशरचाही कुरकुर करत होता, म्हणून दोन्ही बदलायला घेतले.

आपली विमानं 'एक्सपेरिमेंटल' वर्गातली. त्यांत प्रमाणित भागच लावा अशी सक्ती नाही. ही मोकळीक आपल्याला प्रिय आहे, तशी ठगांनाही. भागासोबत कागद कुठे आहेत, असं त्यांना कोण विचारणार?

एका ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याकडे दोन्ही सेन्सर होते. 'उरलेला साठा, सीलबंद, न वापरलेला.' नामांकित कंपनीचं लेबल आणि किंमत डीलरपेक्षा जेमतेम कमी. ही खरी हुशारी. निम्म्या किमतीत देणाऱ्यावर कोणीही संशय घेतो, थोडी सूट देणाऱ्यावर घेत नाही.

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सेन्सर बसवायच्या ठोकळ्यात, दोन्ही बसवले. पॉवर दिल्यावर, इंजिन बंद असताना, दोन्ही शून्य. छान. इंजिन सुरू करून तेल गरम झाल्यावर ऑइल प्रेशर १२०! या इंजिनाची नेहमीची वरची मर्यादा ९५ आहे.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर तत्काळ आणि अगदी जाणकाराच्या थाटात: 'सेन्सर अचूक आहे, तुमचा जुनाच चुकीचं दाखवत होता. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा सैल करा, दाब ८० वर आणा.' हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. हा व्हॉल्व्ह तेलाचा दाब मर्यादेत ठेवतो, स्क्रू सैल केला की दाब उतरतो. पैसे बुडवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या इंजिनातला दाब उतरवायला सांगणं वेगळं.

स्क्रूला हात न लावता सेन्सर बाहेर काढला. हँगरमधला कॉम्प्रेसर, रेग्युलेटर, एक टी-फिटिंग (तीन तोंडांचा जोड) आणि काट्याचा साधा गेज, एवढ्यावर चाचणी होते. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. शून्य दाबाला ०.५ व्होल्ट देतो आणि कमाल दाबाला ४.५. माझा १५० पीएसआयचा, म्हणजे ६० पीएसआयला २.१ व्होल्ट यायला हवेत. मल्टीमीटरवर आले २.९. हे गणित १०० पीएसआयच्या सेन्सरचं आहे. कॉकपिटमधला पडदा त्याला १५० चा समजतो, म्हणून आकडा दीडपट. स्पिरिट लावून स्टिकर सोलला, तर खाली धातूवरचं कोरीव काम घासलेलं आणि त्यात पुसटसा '१००'.

शून्य मात्र दोघांचं एकच, ०.५ व्होल्ट. म्हणून जमिनीवरच्या त्या पहिल्या तपासणीत हा लबाड सहज पास होतो. आता स्क्रू सैल करून पडद्यावर ८० आणले असते तर काय झालं असतं ते पाहा. खरा दाब ५३, म्हणजे नेहमीच्या किमान ५५ च्याही खाली. पुढे कधी तेल कमी होऊन दाब ४० वर आला असता, तर पडदा ६० दाखवत हिरवाच राहिला असता.

फ्युएलचा सेन्सर अस्सल निघाला. त्याचाच आधार घेऊन महाशय म्हणाले, 'एकाच खोक्यातला माल, एक खरा आणि एक खोटा कसा असेल?' मग फोटो मागितले. मग व्हिडिओ. मग 'बसवलेला माल परत घेत नाही.' मग ४० टक्के परत देतो, पण आधी तक्रार बंद करा. हे सगळं बाजाराची परतीची मुदत संपवण्यासाठी चाललेलं असतं, आणि त्या बाजारात एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते, त्यामुळे बँकेकडे गेलो. ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम पहिल्यांदा दिसते, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार पोचली पाहिजे, असा इथला कायदा. स्टिकरखालचा फोटो आणि व्होल्टेजचा तक्ता जोडला. रक्कम परत मिळाली. याच विक्रेत्याने आधी 'मित्रांना पैसे पाठवा' पद्धतीने दिल्यास आणखी सूट देऊ केली होती. त्या मार्गाने गेलेल्या पैशाला असं कोणतंही संरक्षण नसतं.

उरलेल्या साठ्यातला सेन्सर कोणी आधीच बसवला असेल, तर पुढच्या उड्डाणाआधी तो काढून काट्याच्या गेजसोबत दाब देऊन बघा. एकच दाब पुरत नाही. ३०, ६० आणि ९० अशा तीन ठिकाणी व्होल्टेज लिहून घ्या. १५० पीएसआयच्या सेन्सरला ते १.३, २.१ आणि २.९ यायला हवेत.