दाराच्या फटीची रबर पट्टी: दोन पावसाळे वापरून सांगतोय

आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीत, पुढचं दार पश्चिमेला. म्हणजे जून लागला की वारं आणि पाऊस दोन्ही सरळ दारावरच. दाराखाली गोणपाट पसरायचं, ते भिजलं की आई उठून पिळणार आणि परत ठेवणार, रात्री दोन वाजता सुद्धा. तिचे गुडघे आधीच दुखतात, तिला असं वाकलेलं बघवेना म्हणून हे काम मनावर घेतलं.

पहिल्यांदा ऑनलाइन मागवलं ते दोन फोमच्या नळ्यांचं, कापडात शिवलेलं, दाराखालून सरकवायचं असतं ना ते. बेडरूमच्या दाराला चांगलं आहे, डास अडतात, आवाजही कमी येतो. पण पुढच्या दाराला अजिबात घेऊ नका, फोमनं पाणी पिलं, जड होऊन फरशीवर घासायला लागलं आणि चार दिवसांत कुबट वास. मग चौकटीला करड्या स्पंजची चिकटपट्टी लावली, ती एका पावसाळ्यात दबून पापडासारखी चपटी झाली ती परत फुगलीच नाही. स्वस्त आहे, पण पैसे पाण्यात.

शेवटी लक्ष्मीपुरीत एका हार्डवेअरवाल्याकडं गेलो. त्यांनी माल दाखवायच्या आधी विचारलं, "फट किती हाय?" मला सांगता येईना. "मग मापून या, त्याशिवाय मी देत नाही," म्हणाले आणि खरंच रिकाम्या हातानं परत पाठवलं. असा दुकानदार मला लई आवडला. मापायची युक्ती पण त्यांनीच सांगितली, पोरांचा क्ले घ्यायचा, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीला ठिकठिकाणी लावायचा, दार बंद करून उघडायचं आणि दबलेल्या गोळ्याची जाडी पट्टीनं मोजायची. माझ्याकडं वर 3 मिमी आणि कडीच्या बाजूला खाली 6 मिमी निघाली. म्हणजे दारच खाली बसलं होतं! वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले, ते सुताराकडून लांब घालून घेतले तर निम्मी फट तिथंच गेली. म्हणून सांगतो, आधी बिजागरी बघा, पट्टी नंतर.

मग घेतली ईपीडीएम रबरची पट्टी. गाडीच्या दाराला जे काळं रबर असतं साधारण त्याच जातीचं, ऊन-पावसाला लवकर तडकत नाही. आकार इंग्रजी अक्षरांसारखे, ई बारीक फटीला, पी मध्यम, डी मोठ्या फटीला. मी दोन बाजूंना आणि वर पी लावली. फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची, दार लावल्यावर दबली पाहिजे, पण खांदा लावून दार ढकलायची वेळ येता कामा नये. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे धरून चाला, मे महिन्यात एकदम टाईट बसवलेलं दार जुलैत लागणार नाही.

लावायचं काम कोरड्या दिवसात करा. चौकटीच्या पतामात, म्हणजे दार जिथं येऊन टेकतं त्या खाचेत, सुटलेला ऑइल पेंट खरवडून काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्यायचं. पट्टी ताणायची नाही! मी पहिल्या खेपेला ताणून लावली, आठ दिवसांत ती आकसली आणि कोपऱ्यात बोटभर जागा उघडी पडली, ती बाजू परत करावी लागली. सगळं झाल्यावर दाराच्या कडेनं पेटलेली उदबत्ती फिरवा, धूर जिथं हलला तिथं फट आहे.

खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी, तिला रबराची झालर. 36 इंची मिळाली, हॅकसॉनं कापली. स्क्रूची भोकं लांबट असतात त्यामुळं वर-खाली करता येतं, रबर फरशीला फक्त टेकवायचं, दाबलं की घासून फाटतं. बाहेरून सुतारानं तळाला तिरकी लाकडी पट्टी मारली, दारावरून ओघळणारं पाणी त्यामुळं पुढं पडतं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक ह्या लाकडी पट्टीनंच पडला. गच्चीच्या दाराला मात्र ब्रशची पट्टी लावली, तिथली फरशी ओबडधोबड आहे आणि त्रास पाण्यापेक्षा साखर कारखान्यांच्या गाळप हंगामातल्या काळ्या काजळीचा. आता झाडताना ती फार कमी निघते.

एक मनापासून सांगायचंय. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्या दाराला असलं काही लावू नका, हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत जातो. आणि नदीकाठच्या लोकांनी ही पट्टी पुरासाठी घेऊ नये. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, ते पाणी रबरानं थांबत नाही, 2019 ला आपण बघितलंय.

दोन पावसाळे झाले, गोणपाट बाहेर काढावं लागलं नाही. राहिलेली खोट एकच, खालच्या कोपऱ्यात चौकटीचं रबर आणि ॲल्युमिनियमची पट्टी जुळतात तिथं करंगळीएवढं भोक राहतंय, मुंग्या तिथूनच येतात. रबराचा तुकडा कोंबून बघितला, दार उघडलं की पडतो. कुणी हे नीट बसवलं असेल तर कसं केलं ते नक्की सांगा.