सोळाही सामने हरल्यावर प्रशिक्षक बदलावा की ठेवावा?

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरण्याची नामुष्की दोनच संघांवर आली: 2008 साली डेट्रॉइट लायन्स, 2017 साली क्लीव्हलँड ब्राउन्स.

लायन्सनी प्रशिक्षक रॉड मरिनेली यांना लगेच काढून जिम श्वार्ट्झ यांना आणलं आणि ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्याच क्रमांकावर क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं. 2009मध्ये विजय दोनच; पण 2011मध्ये 10 विजयांसह संघ प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) पोचला.

ब्राउन्सनीही पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅकच घेतला, बेकर मेफील्ड. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन मात्र कायम. 2016मध्येही एकच विजय मिळाला होता, तरीही! शेवटी 2018चा हंगाम अर्ध्यावर असताना त्यांना काढावंच लागलं आणि उरलेल्या आठांपैकी पाच सामने संघाने जिंकले. म्हणून मला डेट्रॉइटचा मार्ग पटतो. मेफील्डच्या पहिल्या वर्षाचा अर्धा हंगाम क्लीव्हलँडने उगाच वाया घालवला.