जुन्या चिमणीत गॅसची शेकोटी: पाच महिन्यांनंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर १९५६ सालचं, विटांची चिमणीही तेवढीच जुनी. लाकडांची शेकोटी पेटवली की हॉलमधली ऊब धुराबरोबर वर आणि मागच्या खोल्या आणखी गार. म्हणून ऑक्टोबरात जुन्या शेकोटीच्या पोटात डायरेक्ट व्हेंट गॅस इन्सर्ट, म्हणजे गॅसवर जळणारी काचबंद पेटी, बसवून घेतला.

यात ३ इंची दोन लवचीक अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या चिमणीतून टोपीपर्यंत जातात. एकीतून जळका वायू बाहेर, दुसरीतून ज्वलनाची हवा आत. पुढची काच सीलबंद, त्यामुळे खोलीतली हवा खर्च होत नाही. आधी चिमणी घासून घेतली, बादलीभर काजळी निघाली. जुना डँपर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, तोही काढावा लागला.

पहिल्या महिन्यात डोकं फिरायची वेळ आली. दहा मिनिटं झकास, मग ज्वाळा निळसर पडायच्या, खोट्या ओंडक्यांवरून सुटून अधांतरी तरंगायच्या आणि खलास. बसवणाऱ्याने दोनदा येऊन बर्नर साफ केला, गॅसचा दाब मोजला. तिसऱ्या खेपेला दुसरा माणूस आला आणि थेट छतावर चढला. टोपीखाली नळ्या अदलाबदल होऊन जोडलेल्या! बया आपलाच उच्छ्वास परत ओढत होती. नळ्या आत सोडण्याआधी एकीच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून घ्या, आणि तेव्हा तिथे उभे राहा.

दुसरी कटकट गार वाऱ्याची. शेकोटी बंद असली की तिच्याभोवतीच्या पॅनेलच्या फटीतून पायांना झोंबायचा. डँपरच्या जागी नळ्यांभोवती मिनरल वूल कोंबून खालून पत्रा मारला, तेव्हा थांबला. कोटेशनमध्ये हे काम नव्हतंच.

ऊब हॉलपुरती उत्तम. पण सेंट्रल हीटिंगचा थर्मोस्टॅटही हॉलमध्येच. त्याला वाटतं घर तापलं, आणि वर लेक दोन गोधड्यांत. ऊब खोलीत ढकलणाऱ्या इन्सर्टच्या पंख्याची घरघर टीव्हीच्या आड येते. मात्र फेब्रुवारीत बर्फाने वीज गेली त्या रात्री पंखा सोडून सगळं चालू होतं, कारण आमच्या मॉडेलचा गॅसचा व्हॉल्व्ह घरच्या विजेवर नाही, पायलटच्या, म्हणजे आत सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीवरच चालतो. त्या रात्री सगळे हॉलमध्येच झोपलो. भारतातून आलेली आई एरवी म्हणते, ''काचेमागची शेगडी ही, शेकोटी कसली!'' तिनेच सगळ्यात जवळची जागा धरली.

काचेवर पांढुरकी साय धरते. ती पूर्ण गार झाल्यावरच, अमोनिया नसलेल्या क्लीनरने पुसायची. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हॉलमध्ये लावलाय, अजून तरी गप्प आहे. मे महिन्यात पायलट बंद करणार. एवढ्याशा वातीनेही काच कोमट राहते, ती उन्हाळ्यात कुणाला हवीय?